प्रेसशॉपच्या टेबलाची फर्माईश

आमच्या निवृत्तांच्या वसाहतीतल्या रेडिओला रेडिओ म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. त्याला ना मनोरा आहे, ना परवाना. जेवणघराला लागून एक खोली आहे. पूर्वी तिथे इस्त्रीवाला बसत असे. त्या खोलीत एक टेबल, एक माइक आणि गाणी साठवलेला एक जुना संगणक आहे. तिथून निघालेली तार चारही इमारतींतल्या प्रत्येक घरात जाते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलेल्या लाकडी पेटीत संपते. पेटीला एकच बटण. डावीकडे पिळले की बंद, उजवीकडे पिळत नेले की आवाज मोठा. सकाळी चहाच्या वेळी आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, असे दोनदा प्रसारण होते. पाणी कधी जाणार, दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी येणार, आळंदीला जाणारी गाडी फाटकाशी केव्हा लागणार, एवढे सांगून झाले की उरलेला सगळा वेळ गाण्यांचा. इथला प्रत्येक जण त्याला रेडिओच म्हणतो, आणि मीही तेच म्हणणार आहे.

वसाहत तळवड्याच्या पुढे, नदीच्या अलीकडे आहे. गच्चीवर उभे राहिले की एका बाजूला आयटी पार्कच्या काचा दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, हवा स्वच्छ असेल तर, चाकणच्या दिशेचे पत्र्यांचे कारखाने. इथे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्य त्याच पत्र्यांखाली काढले आहे. कुणी भोसरीत, कुणी चिंचवडला, कुणी चाकणला. मी महाळुंग्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळत असे. पंचावन्न ओलांडल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली, पत्नीच्या गुडघ्यांना जिने नको झाले होते, आणि आम्ही दोघे इथे आलो. वसाहतीत मी सर्वांत लहान. त्यामुळे आधी रेडिओ सांभाळणाऱ्या बाई मुलीकडे राहायला गेल्या तेव्हा तो आपोआप माझ्या गळ्यात पडला. मी तो आनंदाने घेतला. कारण गाण्यातले आपल्याला कळते, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

हा आत्मविश्वास पोकळ नव्हता, असे मी आजही म्हणेन. घरात लहानपणापासून गाणे होते, आणि चांगल्या सुरावर थांबायची कानाला सवय होती. पहिल्या वर्षी माझी निवड सगळ्यांना आवडलीही. दारातल्या डब्यात फर्माईशीच्या चिठ्ठ्या पडायच्या त्या माझ्याच मनातल्या असायच्या: जुनी भावगीते, बासरीने सुरू होणारी चित्रपटगीते, उंच पट्टीतले स्त्रीस्वर, सकाळच्या रागातली सतार. मी त्या वाचायचो आणि मनात म्हणायचो, साधी माणसे आहेत, पण काय कान आहे!

मग चिठ्ठ्या बदलू लागल्या. एकदम नव्हे, सावली सरकावी तशा. कुणी ढोलकीची लावणी मागितली. कुणी हलगी. आळंदीला पखवाज शिकणाऱ्या मुलांचे नुसते वादन कुणी तरी फोनवर टिपून आणले होते, गायनाशिवाय, तेच हवे होते. एकाने तर आपल्या जुन्या कंपनीच्या गणपतीतला ढोलताशा आणून दिला आणि म्हणाला, यातला ताशा कमी करता आला तर बघा, ढोल तेवढा राहू द्या. पुढे नातवंडांच्या फोनमधली ती नवी गाणी आली, ज्यांत शब्द कळायच्या आधी खिडकीची काच थरथरते. आणि भावगीतांच्या वेळी पेट्या बंद होऊ लागल्या. फेरफटका मारताना दारादारांतून मला ते कळायचे.

मी हे सहन केले नाही. म्हणजे रागावलो नाही, तो माझा स्वभाव नाही. मी हळू आवाजात वाईट वागतो. ढोलकीच्या फर्माईशी मी 'पुढच्या आठवड्यात पाहू' म्हणून बाजूला ठेवू लागलो. एका सकाळी तर माइकवरून, अत्यंत सौम्यपणे, चांगल्या अभिरुचीवर बोललो. वय वाढते तसे कानाने खाली उतरू नये, अशा अर्थाचे काहीतरी. ते बोलताना मला स्वतःचा आवाज फार आवडला होता, हे आठवले की आजही मान खाली जाते.

घरी गेलो तर पत्नी पोहे परतत होती. वळूनही न पाहता म्हणाली, "अहो, तुम्ही गाणी लावता की माल पास करता?"

"दर्जा नको का राहायला?"

"राहू दे की. पण रिजेक्ट झालेला माल काही बोलत नाही. ही माणसं बोलतात."

फोर्जिंगमधून, म्हणजे तापलेले लोखंड घणाने ठोकण्याच्या खात्यातून, निवृत्त झालेले एक मावळातले आजोबा बोललेच. जेवणघरात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "साहेब, तुमचं गानं ग्वाड हाय म्हनत्यात. आसंल. पन त्यात काय हायच न्हाई बगा."

मला तो शेरा गाण्यावरचा वाटला. मी हसून घास गिळला.

याच सुमारास एका सकाळी, प्रसारण संपवून मी माइक बंद करत असताना, चाची दारात उभ्या राहिल्या. चाचा आणि चाची आमच्या रेडिओच्या खोलीच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहतात. उमेदीत दोघे उदगीरकडून इकडे आले. चाचांनी चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेसवर काम केले. म्हणजे पत्र्याला एका ठोक्यात आकार देणाऱ्या त्या अवाढव्य यंत्रांवर. चाची घरी शिवणकाम करत. मुलगा हैदराबादला असतो.

"भाऊ, दार लावू का?" त्यांनी विचारले, आणि उत्तराआधीच लावले. खुर्चीवर बसल्या, ओढणी सारखी केली. "तुमच्या रेडिओशी आमचं भांडण झालंय."

मला वाटले, ढोलकीचीच तक्रार असणार. पण त्यांनी जे सांगितले ते वेगळेच होते.

लग्नानंतर चाचांना बरीच वर्षे रात्रपाळी असे. सकाळी ते घरी येत तेव्हा कान प्रेसच्या आवाजाने इतके भरलेले असत की बोलणे नको वाटे. चाची चहा टाकत आणि रेडिओ लावत. गाण्याच्या सुरुवातीचे संगीत वाजू लागले की शब्द यायच्या आत गाणे ओळखायचे, असा त्यांचा खेळ ठरून गेला. कुणी ठरवला ते दोघांनाही माहीत नाही. चाचा बहुतेक वेळा जिंकत. दिवसाचे पहिले बोलणे तेच. भांडण झालेल्या दिवशीसुद्धा गाणे तेवढे ओळखायचे आणि मग पुन्हा अबोला धरायचा.

"इथं आलो तरी खेळ चालू होता," चाची म्हणाल्या. "मग हे हरायला लागले. मला वाटलं, मुद्दाम हरतात, म्हातारीला खूश करायला. मी दोन-चार दिवस खूशपण झाले. मग एक दिवस मीच म्हटलं, अजी, हे तर तुमचं सगळ्यात आवडीचं गाणं, बोला ना! तर म्हणाले, आठवत नाही."

त्यांनी ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळले.

"मग रोज तेच. आठवत नाही, आठवत नाही. आता तर तुमचं गाणं सुरू झालं की पेटी बंद करतात आणि फाटकाकडे फिरायला जातात."

"वय आहे, चाची," मी म्हणालो. अशा वेळी माणूस म्हणतो तसेच.

"माझ्या अब्बांचं असंच सुरू झालं होतं, भाऊ. आधी गाणी गेली. मग माणसांची नावं गेली. शेवटी मी समोर ताट ठेवायची तर विचारायचे, ही बाई कोण." त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "पोराला सांगितलं मी. तो म्हणतो, इथलं घर सोडा, हैदराबादला या, तिथं डोक्याचा मोठा डॉक्टर आहे. पुढच्या महिन्यात न्यायला येतोय. ह्यांना अजून काही बोलले नाही."

"मग मी काय करू शकतो?"

"तुम्हाला गाण्यातलं कळतं. कुणाला कळू न देता जरा बघा, किती विसरलेत ते. थोडं असेल तर मी इथंच सांभाळीन. लई असेल तर जाऊ."

गाण्यातले मला कळते, हे वाक्य त्या दिवशी मला पहिल्यांदाच जड वाटले. तरीही मी होकार दिला. आणि मला जी कल्पना सुचली तिच्यात माझाही स्वार्थ होता, हे इथे लिहून ठेवणे बरे. मी जाहीर केले की शनिवारी संध्याकाळी जेवणघरात 'सुरुवातीवरून गाणे ओळखा' असा कार्यक्रम होईल. चाचांची परीक्षा कुणाच्या लक्षात न येता होईल, हा एक हेतू. चांगली जुनी गाणी ऐकवून वसाहतीची अभिरुची पुन्हा रुळावर आणता येईल, हा दुसरा. दुसरा हेतू पहिल्याच्या आड सुखाने बसला होता.

आमच्या जेवणघरात एक रीत आहे, जी कुणी घालून दिलेली नाही. माणसे आपापल्या जुन्या खात्याप्रमाणे बसतात. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी प्रेसशॉपवाले एका टेबलावर, त्यांच्या शेजारी फोर्जिंगवाले, रंगकामवाले खिडकीशी, हिशोब आणि ऑफिसवाले पंख्याखाली. बायकांची दोन टेबले भटारखान्याच्या बाजूला. प्रेसशॉपच्या टेबलावर बोलणे कमी आणि हातवारे जास्त. मूठ दोनदा ओठांशी नेली की चहा. दोन बोटांनी कॉलर ओढली की सुपरवायझर येतोय, म्हणजे आता आमचे व्यवस्थापक. मला ती त्यांची गंमत वाटायची.

मी गाणी निवडून ठेवली होती आणि संगणकाशी पत्नीला बसवले होते. पहिल्या गाण्याची बासरी सुरू झाली. चार सूर झाले नाहीत तोच बायकांच्या टेबलावरून तिघींनी एकदम उत्तर दिले. दुसरे व्हायोलिनचे, ते ऑफिसच्या टेबलाने पटकावले. तिसरे रंगकामवाल्यांचे. मी चाचांकडे पाहत होतो. ते शांत, हसऱ्या चेहऱ्याने बसले होते आणि मान डोलावत होते. पण मान गाण्याबरोबर हलत नव्हती. समोरच्या माणसाची मान हलली की मग त्यांची हलायची. चाचींनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी नजर चुकवली, कारण माझीही खात्री पटत चालली होती.

"ओ प्रेसशॉप!" एक आजी ओरडल्या. "झोपला काय? का गणपतीतच उठणार?"

"जेवन कवा हाय ते सांगा आदी," शेजारच्या टेबलावरून मावळातले आजोबा म्हणाले. हशा पिकला.

पुढचे गाणे सुरू झाले आणि मी चमकलो. ती ढोलकी होती. माझ्या निवडीत ती नव्हतीच. मी मागे पाहिले. पत्नी पडद्याकडे अतिशय लक्षपूर्वक पाहत होती. बाजूला ठेवलेल्या फर्माईशींपैकी एक तिने उचलून लावली होती.

पण मला रागवायला वेळच मिळाला नाही. ढोलकीचा पहिला तुकडा पुरा व्हायच्या आत प्रेसशॉपचे सगळे टेबल उभे राहिले होते. चाचांचा हात वर होता आणि ते पहिली ओळ खणखणीत आवाजात म्हणत होते. फोर्जिंगवाले टेबल बडवत होते. बायकांच्या टेबलावर कुणाला अजून पत्ताच नव्हता.

पत्नीने आणखी एक लावले. हे मात्र अस्सल जुने, माझ्याच आवडीचे गाणे होते. खर्जातला पुरुषी आवाज, आणि सुरुवातीला सूर जवळजवळ नाहीतच, नुसता तबल्याचा डग्गा घुमतो. चाचांनी ते दुसऱ्या ठेक्याला ओळखले. ओळ सांगितली, पुढचे कडवे सांगितले, आणि चाचींकडे बोट करून म्हणाले, "हे गाणं लागलं तेव्हा हिनं दूध उतू घालवलं होतं!"

चाची हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

आयुष्यभर मी एकच काम केले. माल सदोष निघाला की दोष कोणत्या यंत्रावरून येतो ते शोधायचे. एकटादुकटा तुकडा बिघडला तर तो योगायोग. पण सगळे बिघडलेले तुकडे एकाच यंत्रावरचे निघाले तर तुकड्यांना बोल लावण्यात अर्थ नसतो. त्या संध्याकाळी माझ्यापुढे टेबले मांडलेली होती आणि उत्तर त्या मांडणीतच होते. बासरी ओळखणारे ऑफिसचे, रंगकामाचे, आणि बायका. ढोलकी ओळखणारे प्रेसचे आणि फोर्जिंगचे. लोखंडावर लोखंड आदळण्याच्या त्या आवाजात ज्यांनी पाळ्यांमागून पाळ्या काढल्या, त्यांच्या कानांतून, वय वाढले तसे, बारीक, उंच सूर निघून गेले होते. बासरी, व्हायोलिन, उंच पट्टीतला गळा. राहिला होता तो घुमणारा, जाड, अंगाला लागणारा आवाज. कुणाचीही अभिरुची खाली उतरली नव्हती. मी त्यांना जे लावत होतो त्यात त्यांच्यापुरते खरोखरच काही नव्हते. मावळातल्या आजोबांनी मला टोमणा मारलाच नव्हता. जसे होते तसे सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांना खाली बोलावले. ते आले, खुर्चीवर बसले. मी त्यांच्याकडे पाठ करून कपाटातले काहीतरी शोधण्याचा बहाणा केला आणि नेहमीच्या आवाजात विचारले, "चाचा, चहा घेणार?"

उत्तर आले नाही. मी वळलो आणि तेच पुन्हा विचारले.

"घेतो की," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून हळूच हसले. "आत्ता पाठ करून काहीतरी विचारलंत ना साहेब? हे काय इमानदारीचं काम नाही."

"नाही. माफ करा. पण मला खात्री करायची होती."

"झाली?"

"झाली."

त्यांनी मांडीवर हात घासले. मग ते सांगू लागले आणि सांगताना त्यांच्या बोलण्यात थोडी मिजासही आली. कंपनीत दरवर्षी कान तपासायची गाडी येई. आत काचेच्या खोक्यात बसवत, कानाला यंत्र लावत, आणि आवाज आला की बटण दाबायचे. "आमी काचेतून मशीनवाल्याचा खांदा बघायचो. तो आवाज सोडताना त्याचा खांदा हलायचा. हलला की दाब बटण. सगळं प्रेसशॉप पास! कारण नापास झाला की पॅकिंगला टाकायचे. प्रेसवरचा माणूस पॅकिंगला म्हणजे... बायको सोडून गेल्यावानी."

"आणि घरी?"

"घरी काय, ती बोलते तेव्हा तोंडाकडे बघतो. प्रेसवर तसंच बोलायचो आमी, ओठ बघून. ती समोर असली की मला सगळं कळतं. पाठ असली की हां म्हणतो. हां म्हटलं की बाई खूश असते, तुमाला काय सांगायचं." मग त्यांनी टेबलावरच्या माइककडे बोट केले. "पण साहेब, रेडिओला ओठ नसतात."

मी विचारले, "ऐकू येत नाही असं सांगायचं सोडून, आठवत नाही असं का सांगितलंत?"

"बहिरा म्हटलं की लोक बोलायचंच सोडतात. विसरभोळा म्हटलं की निदान पुन्हा पुन्हा सांगतात." ते पुढे वाकले. "सांभाळून घ्या. तिला सांगू नका."

कारखान्यात हे शब्द मी पुष्कळ ऐकले होते. साहेब, सांभाळून घ्या. बहुतेक वेळा घेतले होते, आणि त्याला मी चांगुलपणा समजत असे. या वेळी मात्र मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"नाही, चाचा," मी म्हणालो, त्यांना ओठ दिसतील असा, सावकाश. "चाचींना वाटतंय, त्यांच्या अब्बांना झालं ते तुम्हाला होतंय. त्यांना वाटतंय, एक दिवस तुम्ही विचाराल, ही बाई कोण. मुलगा तुम्हाला न्यायला येणार आहे ते त्यासाठी. हे घर सुटणार आहे ते त्यासाठी. तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

चाचांच्या चेहऱ्यावरची मिजास विझली. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकवले. मग उठले.

"चला. तुमीपण चला. तिच्या हातात लाटणं असलं तर मधी कुणीतरी पाहिजे."

चाची मेथी निवडत बसल्या होत्या. चाचा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, चेहरा दिसेल असे, आणि घरच्या भाषेत म्हणाले, "मेरेकू सब याद है. सुनाई नै देता. बस, इतनाच."

चाचींच्या हातातली काडी तशीच राहिली. "क्या बोले?"

"याद है सब. तेरे अब्बा की भी शादीवाली पगडी याद है. कान गए मेरे."

"कबसे?"

"प्रेस पे था तबसे. थोडे थोडे."

त्या उठल्या. मेथीची टोपली बाजूला सारली. आणि चाचांना काही न बोलता मराठीत माझ्यावर उसळल्या. "बघितलंत भाऊ? बघितलंत ना? मी इकडं रोज नमाजाला बसून रडते, की या माणसाला बाकी काय नको, माझं नाव तेवढं राहू दे. आणि हा नुसता बहिरा! नुसता बहिरा आहे हो हा!"

'नुसता बहिरा' हे दोन शब्द इतक्या आनंदाने उच्चारलेले मी आयुष्यात ऐकले नव्हते. त्या रडत होत्या, हसत होत्या आणि मेथीची जुडी चाचांच्या खांद्यावर आपटत होत्या. चाचांनी खांदा पुढे करून दिला. मी दाराशी उभा होतो. मधे पडायची गरज नव्हती. थोड्या वेळाने चाचींनी डोळे पुसले आणि हैदराबादला फोन लावला. पहिले वाक्य होते, "येऊ नको, तुझ्या बापाचं डोकं शाबूत आहे, जेवढं होतं तेवढं."

अर्थात त्यांनी इतक्या सहज सोडले नाही. पुढचे काही दिवस चाचा जेवणघरात तक्रार करत होते: "आता पाठ करून शिव्या देते. म्हणते, ऐकू येत नाही ना, मग तुझं काय जातं?"

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी माइकवरून माफी मागितली. सविस्तर कारण सांगितले नाही. ज्यांचे कान होते, ते सांगायचे की नाही हा त्यांचा प्रश्न होता. एवढेच म्हणालो की मी ज्याला आवड समजलो ते आवडीपलीकडचे काही होते, त्यावर बोलण्याचा मला अधिकार नव्हता, आणि बाजूला ठेवलेल्या सगळ्या फर्माईशी आता लागतील. बाहेर आलो तर मावळातले आजोबा कट्ट्यावर बसले होते.

"माफी कशापायी मागता राव? व्हय, आवाज वाडवा. त्यो बी खालचा, ढोलाचा."

आता मी गाणी वेगळ्या रीतीने निवडतो. आधी गाण्याचा दर्जा पाहायचो. आता त्याबरोबर त्याची सुरुवात पाहतो. जे ठेक्याने सुरू होते ते प्रेसशॉपच्या टेबलाला हाक मारते, जे सुराने सुरू होते ते इतरांना. दोन्ही आलटून पालटून लावतो, म्हणजे कुठलीच पेटी फार वेळ बंद राहत नाही. काच थरथरवणारी नवी गाणीही लावतो. ती मला आवडू लागली आहेत असे सांगितले तर ते खोटे ठरेल. पण त्यांच्यात कुणाला काय मिळते ते मला कळते. आणि गाण्यातले आपल्याला कळते हे मी आता म्हणतो तेव्हा त्यात हेही धरतो. आधी ते अर्धेच कळत होते.

कान तपासायला चाचा चिंचवडच्या दवाखान्यात गेले. या वेळी ते स्वतःहून यंत्राकडे पाठ करून बसले, असे चाचींनी मला अभिमानाने सांगितले. त्यांना कानात बसवायचे छोटे यंत्र मिळाले. पहिल्या दिवशी घरातला पंखा, पिशवीची चुरचुर आणि शेजारच्यांचे भांडण असे सगळे एकदम ऐकू आल्याने त्यांनी ते काढून ठेवले. मग चाचींनी रोज थोडा थोडा वेळ घालायला लावले. त्यांना अजूनही ढोलकीच आवडते. यंत्रातून येणारी बासरी त्यांना पातेल्याच्या झाकणातून वाफ निसटावी तशी वाटते.

परवा सकाळी पाण्याची सूचना देऊन मी बासरीने सुरू होणारे एक जुने गाणे लावले. वरची खिडकी उघडी होती. सुरुवातीचे संगीत चालू असताना वर शांतता होती. मग चाचांनी मोठ्या आवाजात, पूर्ण खात्रीने, एक गाणे सांगितले. ते चुकीचे होते. नुसते चुकीचे नव्हे, दोन्ही गाण्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता.

"चूक!" चाची ओरडल्या. "साफ चूक! काहीतरीच सांगतात बाई!"

"चूक कशी? हेच आहे. त्यानंच चुकीचं लावलंय." आणि चाचांचे डोके खिडकीतून बाहेर आले. "ओ साहेब! बरोबर गाणं लावा की!"

त्यांच्या मागून चाचींचे हसणे ऐकू येत होते, मोकळे, न थांबणारे. मी गाण्याचा आवाज थोडा कमी केला, माइक सुरू केला, आणि चारही इमारतींना जाहीर केले की गाणे बरोबर आहे, चुकले आहेत ते चाचा.